आवक क्रमांक चारशे अठरा

उद्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आवकबाई पन्नास वर्षांच्या होणार होत्या. होणार तर होणार, त्याला कोण काय करणार? पण संस्थेच्या माहितीपत्रकात, पान तीनवर, प्रवेशाच्या अटींमध्ये स्वच्छ छापलं होतं की अर्ज दाखल करण्याच्या दिवशी उमेदवाराची पन्नास वर्षं पूर्ण झालेली नसावीत. आणि अर्ज दाखल करायचा शेवटचा दिवस आजचा, संध्याकाळी पाचपर्यंत. म्हणजे आजचा दिवस हातचा गेला की सार्वजनिक व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा बाईंच्या आयुष्यातून कायमचा गेला. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोयच नव्हती.

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा कार्यालयात बाई एकोणीस वर्षं एकाच खिडकीमागे बसत. आत येणाऱ्या प्रत्येक कागदावर 'आवक' असा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरात नोंद करायची आणि कागद पुढच्या टेबलाकडे धाडायचा. त्यावरून त्यांना आवकबाई नाव पडलं, आणि ते इतकं पक्कं बसलं की एकदा लेकीनं घरून फोन करून त्यांचं खरं नाव सांगितलं, तर शिपायानं "त्या नावाचं इथे कोणी नाही" म्हणून फोन ठेवून दिला.

सकाळी घरी याच लेकीनं फॉर्म हातात घेऊन बाईंची उलटतपासणी केली होती.

"पदवी, कुठल्याही शाखेची?"

"आहे." ती त्यांनी चव्वेचाळिसाव्या वर्षी, संध्याकाळच्या कॉलेजातून मिळवली होती. तेव्हा लेक आठवीत होती, आणि मायलेकींची एकाच टेबलावर अभ्यास आधी कोण संपवतं याची शर्यत लागायची. लेक बहुतेक वेळा हरायची आणि फुगून बसायची.

"सार्वजनिक कार्यालयात तीन वर्षं नोकरी. कार्यालयप्रमुखाचं प्रमाणपत्र, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, याच फॉर्मच्या पान चारवर."

"साहेब दौऱ्यावर होते. आज आले की घेते लिहून. दोन मिनिटांचं काम आहे."

"रकाना चौदा. उमेदवाराने स्वतः केलेले व्यवस्थापनाचे एक काम, पुराव्यासह." लेकीनं मान वर केली. "आई, हा रिकामाच आहे."

"मी कसलं व्यवस्थापन केलंय गं? शिक्के मारलेत शिक्के."

सासूबाई केस पुसत बाहेर आल्या होत्या. "अगं, एका बाथरूममध्ये चार माणसांच्या आंघोळी पाऊण तासात उरकतेस, तेच लिही की."

"त्याला पुरावा काय जोडू, आई?"

"मला घेऊन जा. डोकं ओलं आहे अजून."

नवरा हसता हसता हेल्मेट शोधत होता. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. त्यानं आज अर्धी रजा काढली होती. "बारा वाजता खाली स्कूटर घेऊन उभा राहतो," तो म्हणाला. "तू फक्त फॉर्म घेऊन खाली ये, बाकी माझ्यावर सोड." रकाना चौदाचं जाता जाता काहीतरी सुचेल असं म्हणून बाई निघाल्या. बेत अगदी झकास होता. अकरापासून बाईंची रजा, साहेबांचं प्रमाणपत्र, बाराला स्कूटर, साडेबाराला संस्था. पाच वाजेपर्यंत तर घरी येऊन झोपसुद्धा झाली असती.

पण झालं काय, की त्याच सकाळी बाजारामागच्या नव्या गल्लीतले लोक लोटले. गल्लीत नवी जलवाहिनी पडली होती आणि सगळ्यांना नळ हवा होता. दहा वाजता खिडकी उघडली आणि जाळीच्या फटीतून अर्जांचा गठ्ठा आत आला. बाईंनी आपला फॉर्म साहेब आले की चटकन नेता यावा म्हणून टेबलावर काढून ठेवला होता. गठ्ठा त्याच्यावर पडला. बाईंनी गठ्ठा उचलला, ठोकून सरळ केला आणि कामाला लागल्या. शिक्का, नंबर, नोंद. शिक्का, नंबर, नोंद. बाईंचा हात एकदा चालायला लागला की डोक्याला विचारत नसे. चारशे सोळा. चारशे सतरा, अर्जदार लाँड्रीवाले, विषय नवीन नळ. चारशे अठरा, अर्जदार...

अर्जदाराच्या रकान्यात बाईंनी आपलं स्वतःचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं. तरीही काही वाटलं नाही. विषय काय म्हणून त्यांनी कागदावर नजर टाकली आणि तेव्हा कुठे हात थांबला. फॉर्मच्या डोक्यावर, फोटोला खेटून, जांभळा आणि अजून ओला, शिक्का बसलेला होता. आवक, क्रमांक चारशे अठरा, वेळ दहा वीस.

बाईंनी शिक्का बाजूला ठेवला.

"वादळ!" त्यांनी हाक मारली.

वादळ म्हणजे शिपाई. वयानं पंचेचाळीस, चाल अशी की पाण्याचा ग्लास साहेबांपर्यंत पोचेस्तोवर साहेबांची तहान भागलेली असायची. नाव थट्टेनंच पडलं होतं. तो यथावकाश आला, त्यानं फॉर्म पाहिला, रजिस्टर पाहिलं आणि हळूच म्हणाला, "त्यात काय बाई? नोंदीवर रेघ मारा आणि फॉर्म पर्समध्ये टाका. मी काही बघितलं नाही."

बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर तीन नियम चिकटवलेले होते. एक, आवक झालेला कागद चारही टेबलांच्या शेऱ्यांशिवाय इमारतीबाहेर जाणार नाही. दोन, कागद नंबरानेच पुढे सरकेल. तीन, अर्जदाराने टेबलाजवळ उभे राहू नये, बाकावर बसावे. खाली सही साहेबांची होती, पण अक्षर बाईंचं. सात वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा अर्ज लागोपाठ तीनदा हरवला, आणि तिसऱ्या वेळी ते खिडकीपाशी उभं राहून रडले. त्याच आठवड्यात बाईंनी हे तीन नियम लिहिले. त्यानंतर या कार्यालयात कागद हरवला नाही, आणि बाईंच्या रजिस्टरात एकही खाडाखोड झाली नाही. नगराध्यक्षांच्या मेहुण्यानं एकदा शिक्का बसलेला अर्ज परत मागितला होता. त्यालाही त्यांनी दिला नाही.

"शिक्का बसला, वादळ. आता तो माझा कागद नाही, कार्यालयाचा आहे."

"पण बाई, एका टेबलाला एक दिवस लागतो. चार टेबलं, चार दिवस. तुम्ही उद्या पन्नाशीच्या!"

"माहीत आहे मला."

"मग नंबर तरी पुढे काढू. चारशे अठरा सगळ्यांच्या आधी..."

"नियम दोन वाच."

आता कुणी म्हणेल, असला कसला हट्ट? पण बाईंचं असंच होतं. मेहुण्याला नाही म्हणायचं आणि स्वतःला हो म्हणायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. मात्र आवाज घट्ट असला तरी डोळे भरून आले होते, आणि वादळानं ते पाहिलं. बाईंनी अठरा कागद रीतसर बांधून पहिल्या टेबलाकडे दिले. अकरा वाजता खिडकी बंद केली. अकरानंतर त्या रजेवर होत्या. म्हणजे कर्मचारी नव्हत्या, अर्जदार होत्या. पर्स उचलून त्या निमूट बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

बाक डुगडुगत होता. एकोणीस वर्षांत त्या या बाकावर पहिल्यांदाच बसत होत्या.

शेजारी एक गृहस्थ होते. कडक इस्त्रीचा शर्ट, मनगटावर वाफेनं भाजल्याचा जुना डाग. "पहिल्यांदाच का?" त्यांनी आपुलकीनं विचारलं. "माझी लाँड्री आहे नव्या गल्लीत. गेल्या वर्षी मीटरसाठी चार दिवस बसलो होतो, त्यामुळे इथलं सगळं पाठ आहे. काही लागलं तर मला विचारा."

हे चारशे सतरा, बाईंच्या लक्षात आलं. लाँड्रीवाल्यांनी मात्र त्यांना ओळखलं नव्हतं. ओळखणार कसं? खिडकीची जाळी इतकी बारीक की बाहेरून फक्त हात आणि शिक्का दिसायचा. बाईंनी आपला जांभळा अंगठा पर्सखाली सरकवला.

"कागद हरवत नाही ना हो इथे?" त्यांनी साळसूदपणे विचारलं.

"छे! ती खिडकीतली बाई आहे ना, खडूस आहे हो, मान वर करून बघत नाही. पण कागद हरवणार नाही. कार्यालय तीच चालवते म्हणतात." लाँड्रीवाले जवळ सरकले. "एकच छळ आहे. इथून घड्याळ दिसत नाही. मोबाईल मी दुकानात ठेवून येतो, गिऱ्हाइकांचे फोन येतात. मग बसल्या बसल्या कळतच नाही की तास झाला की दहा मिनिटं. माणूस त्यानंच अर्धा होतो."

बाईंनी मान वळवली. खरंच, घड्याळ त्यांच्या खिडकीच्या वर होतं आणि त्याचं तोंड आत, टेबलांकडे होतं. एकोणीस वर्षं त्यांनी ते रोज पन्नासदा बघितलं होतं. त्यांचा स्वतःचा मोबाईल आत ड्रॉवरमध्ये राहिला होता, आणि आत जायची अर्जदाराला बंदी होती. ते चांगलंच लागलं त्यांना.

इकडे आत काय चाललं होतं? वादळ नावाप्रमाणे सुटला होता! पहिल्या टेबलावर जागेची पाहणी करणारे टेपभाऊ असत. कमरेला मोजायची टेप, आणि एका खेपेला एकच जागा बघायची असा त्यांचा शिरस्ता. वादळ त्यांच्या पुढ्यात धाडकन उभा राहिला. "भाऊ, बाईंचा नंबर चारशे अठरा. पुढे सतरा आहेत. बाई नंबर मोडणार नाहीत. म्हणजे सतराच्या सतरा आज उडाले पाहिजेत."

टेपभाऊंनी गठ्ठा चाळला. मग पुन्हा चाळला. "अरे, हे सगळे एकाच गल्लीतले आहेत की!"

"मग?"

"मग काय! एरवी मी दिवसभर त्याच गल्लीत सतरा खेपा घालतो." आणि टेपभाऊ मोटरसायकलची किल्ली घेऊन पळाले.

ते तास-सव्वा तासात आले ते धुळीनं माखलेले आणि लग्नघरातल्यासारखे खुशीत. सतरा जागा पाहून झाल्या होत्या. अठरावी उरली होती. टेपभाऊ बाकापाशी आले, बाईंना ओळखही न दाखवता त्यांनी टेप काढली, बाकाची लांबी मोजली, बाईंकडे गंभीरपणे पाहिलं आणि कागदावर लिहून मोठ्यानं वाचलं, "जागेची पाहणी केली. अर्जदार जागेवर आढळल्या. एकोणीस वर्षांत कधीही पाहणी केली, तरी जागेवरच आढळल्या आहेत."

"तुमचीही पाहणी?" लाँड्रीवाले थक्क झाले. "अहो, पण तुम्ही नळ घेताय कुठे? बाकावर?"

बाईंना हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच. आणि एकदा फुटलं ते आवरेचना.

बारा वाजून गेल्यावर नवरा हेल्मेट काखेत घेऊन वर आला. खाली उभं राहून त्याचा जीव टांगणीला लागला होता. "अगं, तू इथे काय बसलीस?"

"माझा कागद आत आहे."

"मग आण."

"मी अर्जदार आहे."

पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला एवढ्या उत्तरात सगळं समजलं. त्यानं कपाळाला हात लावला, शेजारी टेकला, बाक डुगडुगला तसा उठला, खिशातून पाना काढला आणि बाकाखाली आडवा झाला. दहा मिनिटांनी बाक हलायचा थांबला. लाँड्रीवाले म्हणाले, "गेल्या वर्षी तुम्ही कुठे होतात?"

दुसरं टेबल फिटरमामांचं. गल्लीत पाण्याचा दाब किती, नळ किती इंची, हे ते ठरवत. एरवी एका अर्जावर ते एक कप चहा पीत आणि मग विचार करत. आज वादळानं चहाची किटलीच लपवून ठेवली. मामांनी गल्लीचा दाब एकदाच काढला आणि सतरा अर्जांवर एकापाठोपाठ एक लिहून टाकला. चारशे अठरावर आले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. तपासणीच्या छापील कागदावर 'पाण्याचा दाब' असा प्रश्न होता आणि नियमाप्रमाणे काहीतरी लिहिणं भाग होतं. मामांनी लिहिलं, "दाब पुरेसा. कार्यालयातील सर्वांना जाणवतो."

तिसऱ्या टेबलावर हरकतताई होत्या. नव्या नळाला शेजाऱ्यांची हरकत आहे का, हे त्या बघत. त्यांनी लाँड्रीवाल्यांना दारातूनच विचारलं, गल्लीतल्या बाकी सोळा जणांना ओळीनं फोन लावले, आणि सगळे एकमेकांचे शेजारी असल्यानं प्रत्येकाला दोन-दोन प्रश्न एकाच फोनमध्ये विचारून टाकले. फोन संपला की त्या टाळी वाजवायच्या, आणि वादळ कागद उचलून साहेबांच्या टेबलाकडे धावायचा. साठ फूट लांबीच्या त्या खोलीच्या मोकळ्या पट्ट्यात तो आज इतका पळाला की त्याची चप्पल तुटली. मग तो अनवाणी पळाला.

चारशे अठरा समोर आला तेव्हा हरकतताईंची टाळी वाजली नाही. आवकबाईंचं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. बारा वर्षं दोघींनी डबा एकत्र खाल्ला होता. शेजारीण असेल तर त्याच होत्या. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. 'शेजाऱ्यांची हरकत' यापुढे त्यांनी लिहिलं, "आहे. बाई शिकून मोठ्या झाल्या की दुसऱ्या खोलीत जातील. तरी हरकत मागे घेत आहे." आणि नाक ओढत टाळी वाजवली.

चौथं टेबल साहेबांचं. साहेब भला माणूस, पण त्यांचा हात सहीपुरताच चालायचा. पत्र असो, अहवाल असो, निरोपाचं भाषण असो, मसुदा बाई लिहायच्या आणि साहेब सही करायचे. सतरा कागदांवर त्यांनी सह्या केल्या, त्यांच्यासाठी दहा मिनिटं पुष्कळ झाली. लाँड्रीवाल्यांना मंजुरी हातात मिळाली तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते. ते कागद उलटासुलटा करून बघत राहिले. "आजचीच तारीख आहे," ते म्हणाले. "चुकून तर नाही ना दिली?" मग कोणी परत मागायच्या आत ते जिन्यावरून उड्या मारत पळाले.

राहिला चारशे अठरा.

साहेबांनी पान चार उघडलं. कार्यालयप्रमुखाच्या स्वतःच्या अक्षरात. त्यांनी सवयीनं हाक मारली, "आवकबाई, जरा मसुदा..." आणि थांबले. बाई बाहेर बाकावर होत्या. साहेबांनी पेन काढलं. ते वाळलेलं होतं. दुसरं आणलं. तीन वाजले. साहेब लिहीत होते, खोडत होते, कच्च्या कागदांचे बोळे करून टोपलीत टाकत होते. सव्वातीन. दाराच्या फटीतून वादळ, टेपभाऊ आणि फिटरमामा एकावर एक डोकी ठेवून बघत होते. साडेतीन.

"काय करतायत ते?" बाकावरून बाईंनी विचारलं.

"लिहितायत," वादळ कुजबुजला. "स्वतः!"

बाईंना घड्याळ दिसत नव्हतं. सकाळपासूनचं हसू आता कुठच्या कुठे गेलं होतं. नवरा आपल्या मनगटावरचं घड्याळ मुद्दाम बाहीखाली झाकत होता, त्यावरून त्यांना काय ते कळत होतं. साधा शिक्का. दोन इंचांचा रबरी शिक्का. एकदा खाली बघितलं असतं तर? आणि फॉर्म मिळाला तरी रकाना चौदा रिकामाच होता. त्यांना एकदम फार दमल्यासारखं वाटलं. आपण उगाच या वयात हे मनात आणलं, असं वाटलं.

चारला पाच कमी असताना साहेब स्वतः बाहेर आले. त्यांच्या बोटांना शाई लागली होती. त्यांनी फॉर्म बाईंच्या हातात दिला आणि एखाद्या विद्यार्थ्यानं पेपर दिल्यावर उभं राहावं तसे ते उभे राहिले. पान चारवर मोठ्या, वाकड्या अक्षरात दोनच ओळी होत्या. "हे कार्यालय एकोणीस वर्षे या बाईंनी चालवले. मी सह्या केल्या."

बाईंनी फॉर्म पर्समध्ये घातला. तोवर नवऱ्यानं त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं होतं आणि वादळ जिन्यावरून "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" म्हणून ओरडत निघाला होता. जिन्यात दुसरं कोणीच नव्हतं.

संस्था गावाच्या दुसऱ्या टोकाला. स्कूटर गल्लीबोळांतून अशी निघाली की बाईंनी डोळे मिटून घेतले आणि रकाना चौदाचा विचार करायला लागल्या. संस्थेच्या दारात लिफ्ट होती. बाई आत शिरणार, तेवढ्यात नवऱ्यानं कान टवकारले आणि त्यांचा हात धरला. "असला आवाज करणाऱ्या लिफ्टमध्ये मी शत्रूलाही चढू देणार नाही. जिन्यानं पळ." चार मजले! बाई पळाल्या. शेवटच्या जिन्यावर त्यांना धाप आणि हसू एकदमच लागलं होतं.

प्रवेशाच्या खिडकीत एक तरुण बाई चष्मा डोक्यावर सारून बसल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात चार सेहेचाळीस झाले होते, आणि ते रांगेतल्या माणसाला दिसेल असं लावलेलं होतं. बाईंनी ते मनातल्या मनात टिपून ठेवलं.

"पदवी आहे. वय..." चष्मेवाल्या बाईंनी जन्मतारीख पाहिली, कॅलेंडर पाहिलं आणि एक शीळ घातली. "आजच्या दिवसापुरत्या अटीत बसताय! प्रमाणपत्र आहे. पण हे काय? फॉर्मवर शिक्का? आणि हा कसला कागद जोडलाय? पाण्याचा दाब?"

"ते मी सांगते."

"आणि रकाना चौदा रिकामा आहे. व्यवस्थापनाचं एक काम, पुराव्यासह. त्याशिवाय मला घेता येणार नाही."

बाईंनी फॉर्म ओढून घेतला. समोर फोटोला खेटून तो जांभळा शिक्का होता. दहा वीस. आणि मागे साहेबांच्या सहीखाली वेळ, तीन पंचावन्न. त्यांनी खिडकीतलंच पेन उचललं, आणि दिवसभर कागद कुठे होता, कोणापाशी किती वेळ होता, हे सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

त्यांनी लिहिलं, "हा अर्ज. सकाळी दहा वीसला चुकून आवक झाला. त्याच्या आधी सतरा होते. एकालाही मागे न टाकता सगळे आज पूर्ण झाले. पुरावा म्हणून शिक्का आणि शेरे जोडले आहेत. एरवी या कामाला चार दिवस लागतात. आज साडेपाच तास लागले. लोकांचे बाकीचे दिवस इतकी वर्षे कुठे गेले, ते मला शिकायचे आहे."

चष्मेवाल्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांनी रकाना चौदा वाचला, मग टेपभाऊ वाचले, फिटरमामा वाचले आणि हसत सुटल्या. हरकतताई वाचल्या आणि हसायच्या थांबल्या. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फॉर्म मागच्या टेबलावरच्या ढिगावर टाकून दिला.

"अहो!" बाई ओरडल्या. "तिथे काय टाकताय? नंबर?"

"कसला नंबर?"

"आवक! रजिस्टर! तो कागद आला, किती वाजता आला, कोणी घेतला?"

"इथे रजिस्टर नसतं हो. आम्ही ढिगात ठेवतो आणि मग समिती बघते."

व्यवस्थापन शिकवणारी संस्था, आणि कागद ढिगात! आवकबाईंच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. चार चोपन्न. त्यांनी चष्मेवाल्या बाईंकडून एक कोरी वही मागून घेतली, पट्टीनं चार रेघा मारल्या, वर तारीख घातली आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. चष्मेवाल्या बाईंनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि गुपचूप लिहिलं. क्रमांक एक. वेळ, चार सत्तावन्न. अर्जदाराचं नाव लिहून खाली सहीदेखील केली.

बाई जिन्यातच बसल्या. खालच्या मजल्यावरून नवऱ्याची हातोडी ऐकू येत होती. त्यानं लिफ्ट उघडली होती. "अगं, झालं का?" त्यानं वर तोंड करून विचारलं. "झालं!" बाई ओरडल्या, आणि चार मजले तो आवाज घुमत खाली गेला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पन्नासाव्या वाढदिवशी, त्या कार्यालयात अर्धा तास लवकर आल्या. स्टुलावर चढल्या आणि घड्याळ काढून समोरच्या भिंतीवर, बाकावरून नीट दिसेल असं लावलं. वादळानं स्टूल धरलं होतं.

मग तीन आठवडे काहीच घडलं नाही. बाई कागद घेत होत्या, पण आता एका गल्लीतले अर्ज एकत्र बांधत होत्या, आणि टेपभाऊ आठवड्यातून दोनदा दुपारी मोकळे राहायला लागले होते. दर नव्या माणसाकडे त्या जाळीतून मान वर करून बघत. लाँड्रीवाले एकदा मुद्दाम आभार मानायला आले, त्यांनी जाळीतून जांभळा अंगठा पाहिला, मग चेहरा पाहिला, आणि खडूस म्हटल्याबद्दल बाईंचे कपडे जन्मभर फुकट इस्त्री करायची शपथ घेतली. बाईंनी ती नाकारली.

एका मंगळवारी टपालाचा गठ्ठा आला. वरून चौथा लिफाफा संस्थेचा होता. बाईंच्या नावाचा, कार्यालयाच्या पत्त्यावर. लिफाफा पातळ होता. स्वीकारल्याचं पत्र पातळ असतं की नाकारल्याचं, हे बाईंना माहीत नव्हतं. लिफाफा सरळ पर्समध्ये टाकता आला असता. कोणी काही म्हणालं नसतं.

बाईंनी शिक्का उचलला. या वेळी त्यांनी नीट खाली बघितलं. लिफाफ्यावरचं आपलं नाव पूर्ण वाचलं आणि मग शिक्का मारला. आवक, क्रमांक सहाशे एकतीस, वेळ अकरा पाच.

"वादळ," त्या म्हणाल्या, "हा पहिल्या टेबलाला दे. मी बाकावर आहे."

सगळं कार्यालय उठून उभं राहिलं. बाई बाहेर जाऊन बसल्या. बाक हलला नाही. समोर घड्याळ होतं, आणि घड्याळ दिसत असलं की वेळ लवकर जातो, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. तसं मुळीच नव्हतं. अकरा सहा. अकरा सात. आत टेपभाऊंनी लिफाफा फोडल्याचा आवाज झाला. मग फिटरमामांच्या टेबलावर कागद गेला, आणि मामांनी आपली किटली एवढ्या जोरात आदळली की चहा सांडला. अकरा नऊ. हरकतताईंनी टाळी वाजवली नाही. त्या मोठ्यानं रडत होत्या.

रडण्यावरून काही कळेना. हरकतताई चांगल्यालाही रडत आणि वाईटालाही. बाईंनी बाकाची कड घट्ट धरली.

अकरा चौदाला वादळ धावत आला. त्याच्या पायांत नव्या चपला होत्या. पत्राखाली साहेबांच्या टेबलाचा शेरा होता, मसुद्याशिवाय, मोठ्या वाकड्या अक्षरात. बाईंनी आधी तोच वाचला.

"पाहिले. बाईंना दर शनिवारी वर्गासाठी दुपारी सोडावे. त्या दिवशी शिक्का मी मारीन."